संगणक जोडायचाय? सुरुवात भिंतीतल्या प्लगपासून करा

बार्शीहून एका वडिलांनी विचारलंय : मुलगी सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गेली आहे, तिला ऑटोकॅड आणि रेव्हिट (बांधकामाचे आराखडे काढायची सॉफ्टवेअर) शिकायचंय. मॉनिटर आणि यूपीएस धरून ६० हजारांपर्यंत खर्च करता येईल. ओळखीचा एक दुकानदार 'आय-७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, २ जीबी ग्राफिक्स कार्ड' असा तयार संगणक ३२ हजारांत देतो म्हणतोय. तो घ्यावा, की सुटे भाग आणून घरीच जोडावा? घरी आम्हाला जमेल का?

जमेल, त्याची काळजी सोडा. आधी त्या ३२ हजारांच्या संगणकाबद्दल बोलू, कारण असे भाव सांगणारे गावोगावी आहेत आणि त्यात साध्या माणसाचे पैसे अडकतात.

दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : आय-७ म्हणजे नक्की कोणता? पुढचा आकडा सांगा. तो ३७७० निघाला, तर ती तिसरी पिढी, २०१२ सालची. ४७७० असेल तर चौथी. बाराव्या पिढीच्या चिपचा आकडा १२ ने सुरू होतो. मोठमोठ्या कचेऱ्या जुने संगणक लॉटने काढतात, त्यातले प्रोसेसर अनोळखी कंपनीच्या नव्याने बनवलेल्या बोर्डावर (मदरबोर्ड, सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) बसतात, वर रंगीत दिव्यांचे पंखे लागतात आणि माल 'नवा' होतो. 'जुना प्रोसेसर आहे' असं स्पष्ट सांगून, त्याच भावात कुणी विकला तर माझं काही म्हणणं नाही. पण २०२२ चा साधा आय-३ १२१०० हा चार कोअरचा, म्हणजे पोटात काम करणारे चार भाग असलेला, प्रोसेसरसुद्धा त्या २०१२ च्या आय-७ ला सहज मागे टाकतो. 'आय-७' ही नुसती पायरी आहे, पिढी कळल्याशिवाय तिला अर्थ नाही. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे आज घेतलेला संगणक पहिल्याच दिवशी वयाने संपलेला.

'२ जीबी ग्राफिक्स कार्ड' म्हणजे बहुतेक जीटी ७३० असणार. ते २०१४ चं कार्ड आहे आणि अजून डबाबंद मिळतं. त्यात मेमरी किती हे पाहून काही कळत नाही, आतली चिप केवढी हे पाहावं लागतं. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या पोटातच जे ग्राफिक्स येतं, ते त्या वेगळ्या कार्डाहून कितीतरी वरचढ आहे. तेव्हा तो सौदा सोडा.

आता जोडण्याकडे वळू. सगळे प्रोसेसरपासून सुरुवात करतात. मी गेली वीस-बावीस वर्षं पुण्यात संगणक जोडतोय आणि दुरुस्त करतोय. दुरुस्तीला आलेली यंत्रं उघडून उघडून माझा क्रम उलटा झालाय. मी भिंतीपासून सुरुवात करतो.

ज्या प्लगवर संगणक लागणार आहे, तिथे वायरमनला बोलावून मल्टिमीटरने तीन आकडे घ्यायला लावा. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३०च्या आसपास, फेज आणि अर्थ (अर्थिंगची तिसरी वायर) यांच्यातही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थमध्ये काहीच आलं नाही किंवा अर्धवट आकडा आला, तर तुमच्या थ्री-पिनचं तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे. जुन्या वाड्यांत, आणि बऱ्याच नव्या स्लॅबच्या घरांतही, हे सर्रास दिसतं.

याने काय बिघडतं? संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, वीज शिरते तिथेच एक गाळणी असते. तिच्यात फेजकडून अर्थकडे एक आणि न्यूट्रलकडून अर्थकडे एक, असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेला नसला की त्या दोघांच्या मधला बिंदू, म्हणजे तुमचं अख्खं कॅबिनेट, निम्म्या दाबावर, साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. हात लावला की झिणझिण्या येतात त्या यामुळे. करंट अगदी थोडा असतो, म्हणून लोक 'होतं असं' म्हणून सोडून देतात. पण चालू यंत्रात एचडीएमआय किंवा लॅनची वायर खोचताना तोच करंट त्या पोर्टमधून वाट काढतो, आणि मग 'बोर्ड आपोआप गेला' म्हणत लोक माझ्याकडे येतात. अर्थिंग नसेल तर ते करून घेण्याचा खर्च याच ६० हजारांत धरा. आणि थ्री-पिनचं टू-पिन करणारं ते छोटं कन्व्हर्टर घरात असेल, तर ते संगणकाच्या जवळपास येऊ देऊ नका.

पुढचं, यूपीएस. तुमच्याकडे वीज जाते आणि दाबही खाली-वर होतो असं तुम्ही लिहिलंय. घरात इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्हचा (भिंतीतल्या विजेसारखीच सुरळीत लहर देणारा) आहे का ते पाहा. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे एक बटण असतं, 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असं लिहिलेलं. ते 'यूपीएस'वर असेल तर वीज गेल्यावर बदल इतक्या झटकन होतो की संगणक बंद पडत नाही. असा इन्व्हर्टर असेल तर वेगळ्या यूपीएसचे पैसे वाचले. नसेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस. त्याची खरी ताकद साधारण ३६० वॅट असते आणि तुमच्या यंत्राला मॉनिटरसकट कॅडचं काम करताना त्याच्या निम्मेही लागणार नाहीत. दहा-पंधरा मिनिटं मिळतात. ती फाईल सेव्ह करून बंद करण्यासाठी आहेत, काम चालू ठेवण्यासाठी नाहीत, हे मुलीला पहिल्याच दिवशी सांगा. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते.

आता एसएमपीएस. याच्यावर पैसे वाचवू नका, ही माझी विनंती आहे. २००८ च्या सुमाराला एका शिक्षकांचं यंत्र मी जोडून दिलं होतं. खर्च कमी करायचा म्हणून कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएसच ठेवला. पावसाळ्यात एका रात्री दाब वाढला, तो जळला आणि जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. डिस्कमध्ये त्यांच्या आईचे शेवटच्या वर्षातले फोटो होते. बोर्ड मी बदलून दिला, फोटो नाही देता आले. त्यानंतर फुकटच्या एसएमपीएसवर मी एकही यंत्र उभं केलं नाही.

चांगला कसा ओळखायचा? डब्यावरचा मोठा आकडा पाहू नका, बाजूचं लेबल वाचा. त्यावर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि १२ ने गुणा. '४५० वॅट' लिहिलेल्या डबड्यावर १२ व्होल्टला १५ अँपिअर असतील तर हिशेब येतो १८० वॅटचा, कारण आजचा संगणक जवळजवळ सगळी वीज त्या १२ व्होल्टच्या वायरीतूनच ओढतो. खऱ्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ४५ अँपिअरच्या आसपास असतात. '८० प्लस ब्राँझ'चा (वीज कमी वाया जाते असं सांगणारा) शिक्का असावा, आणि शिक्का देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर मॉडेलची यादी असते, तिथे नाव जुळवून घ्या. इनपुटला १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर उत्तम, कारण गावाकडे संध्याकाळी दाब १७०-१८० वर उतरला तरी तो तग धरतो. २०० ते २४० वाल्याचा तिथे जीव जातो. तुम्हाला ५५० वॅटचा घ्या असं सांगतोय. आज गरज त्याहून बरीच कमी आहे, पण पुढे ग्राफिक्स कार्ड घालायचं झालं तर हाच पुरेल.

इथवर आलो की प्रोसेसर निवडणं सोपं जातं. ऑटोकॅडचं बरंचसं काम एका वेळी एकाच कोअरवर चालतं. सोळा कोअर घेऊन ते सोळापट पळत नाही. एकेक कोअर वेगवान हवा. रेव्हिटला रॅम भरपूर लागते, १६ जीबी ही सुरुवात समजा. या दोन गोष्टी धरून माझी निवड आय-५ १२४०० ही आहे. सहा कोअर, बारा थ्रेड (एकाच वेळी चालवता येणारी कामं), डब्यात पंखा येतो आणि पोटात कामापुरतं ग्राफिक्स आहे. नावापुढे 'एफ' लागलेला मिळाला तर तो घेऊ नका. त्यात ग्राफिक्स नसतं, आणि कार्डाशिवाय मॉनिटर काळाच राहील. दुकानात 'शंभर-दोनशे कमी' म्हणून हाच हातात देतात.

रायझन ५ ५६००जी का नाही, असं कुणी विचारेल. त्याचं पोटातलं ग्राफिक्स जास्त दमदार आहे आणि कार्ड कधीच घालायचं नसेल तर मी तोच सुचवला असता. पण डिप्लोमानंतर डिग्री, मग त्रिमितीतलं रेंडरिंग, हा रस्ता दिसतोय. त्यासाठी कार्ड आज ना उद्या लागेलच. तोवर २डी ड्रॉइंग आणि छोटी मॉडेल्स १२४०० वर छान चालतील. एएमडीच्याच याहून नव्या प्रोसेसरांचं एएम५ हे सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा) नवं आहे, पुढे प्रोसेसर बदलायला त्यात वाव आहे, हे खरं. पण त्याला डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅमच लागते, आणि ती आज ६० हजारांत बसवायला दुसरीकडे कात्री लावावी लागेल. ती कात्री नेमकी एसएमपीएस आणि मॉनिटरवरच चालते.

बोर्ड बी७६० चिपसेटचा, रॅमच्या चार खाचा असलेला. एच६१० स्वस्त आहे, पण त्याला दोनच खाचा येतात. आज ८-८ जीबीच्या दोन काड्या घातल्या की भरला, पुढे वाढवताना त्या काढून टाकाव्या लागतात. इथे एक चूक इतक्यांदा पाहिलीय की वेगळी सांगतो. १२४०० ज्या सॉकेटमध्ये बसतो, त्याचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. दिसायला, नावाला सारखेच, बहुधा शेवटी 'डी४' एवढाच फरक. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, मधली खाचच वेगळ्या जागी असते. बोर्ड आणि रॅम एकाच बिलात घ्या आणि दोन्ही डब्यांवरचं वाचूनच दुकानातून उतरा.

रॅमचे भाव सध्या कडाडलेत. एआयच्या सर्व्हरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे कंपन्यांनी आपली क्षमता वळवली, आणि २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत घरगुती रॅमचे भाव झपाट्याने चढले. म्हणून मी इथे रुपयांचे आकडे लिहीत नाही, आठवड्याभरात खोटे ठरतील. तीन दुकानांचे भाव एकाच दिवशी घ्या. पण महाग आहे म्हणून ८ जीबीची एकच काडी घेऊन भागवू नका. दोन काड्या असल्या की प्रोसेसर दोन्हींतून एकाच वेळी वाचतो, आणि पोटातलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. एका काडीवर त्याची ओढाताण होते. ३२०० मेगाहर्ट्झच्या ८-८ च्या दोन. बजेट अगदीच ताणलं तर एसएसडी (फाईल साठवायची डिस्क) ५०० जीबीची घ्या, १ टीबी नंतर वाढवता येते.

एसएसडी एनव्हीएमई एम.२ प्रकारची (बोर्डातच खोचायची पट्टी), टीएलसी मेमरीची. क्यूएलसी हा मेमरीचा दुसरा प्रकार स्वस्त असतो, पण मोठ्या फाईल सलग लिहिताना दम टाकतो. कॅबिनेटला पुढे जाळी हवी, काच नको. तुमच्याकडच्या एप्रिल-मेमध्ये काचेमागे यंत्र गुदमरतं. मॉनिटरवर मात्र थोडं थांबा : २४ इंच, आयपीएस पॅनेल (पडद्याचा प्रकार), फुल एचडी. मुलगी रोज चार-सहा तास बारीक रेघांकडे बघणार आहे. प्रोसेसर तीन वर्षांनी जुना वाटेल, मॉनिटर आठ-दहा वर्षं डोळ्यांसमोर राहील. दुकानात तो चालू करून पांढऱ्या पडद्यावर ठिपके आहेत का ते पाहा.

खरेदी पुण्यात करा, सोलापुरात करा किंवा मुंबईला कुणी जाणारं असेल तर ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला. ऑनलाइन घेतलंत तर डबा उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा. कुठूनही घ्या, पक्कं बिल घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवून कच्च्या चिठ्ठीवर दिलेला माल बिघडला, तर वॉरंटीच्या दारात तुम्ही उघडे पडता. बिलावर सुट्या भागांचे सिरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच हवा. प्लास्टिकच्या पाकिटात मिळतो तो 'ट्रे', त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी बहुधा लागू होत नाही.

आता जोडणी. ती मुलीच्या हातूनच करून घ्या. तुम्ही शेजारी बसा. ज्या यंत्रावर पुढची पाच वर्षं ती शिकणार आहे, त्याचा प्रत्येक स्क्रू तिने बसवला असेल तर ते बिघडल्यावर ती घाबरणार नाही. चांगला चुंबकी फिलिप्स स्क्रूड्रायव्हर एवढंच हत्यार लागतं. तीन तास मोकळे ठेवा, रात्री सुरुवात करू नका. मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावत राहा, अंगातली स्थिर वीज तिथे उतरते.

कॅबिनेटमध्ये बसवायच्या आधी सगळं टेबलावर, बोर्डाच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर जोडून पाहा. सॉकेटचा दांडा उघडा, प्रोसेसरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा आणि अलगद ठेवा. ठेवा म्हटलंय, दाबू नका. सॉकेटमधल्या पिना केसाएवढ्या असतात, त्यात बोट गेलं की बोर्ड गेला आणि वाकलेल्या पिनेला वॉरंटी नाही. काळं प्लास्टिकचं झाकण आधी उपटायचं नाही. दांडा खाली दाबताना ते आपोआप उडतं. दांड्याला जोर लागतो आणि कुरकुर आवाज येतो, तिथे नवखा माणूस हमखास थबकतो. तो आवाज तसाच असतो. उडालेलं झाकण जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली तर ते लावूनच द्यावं लागतं.

कंपनीच्या पंख्याला खाली पेस्ट लावलेलीच असते, तिला बोट लावू नका. चार पिना कोपऱ्या-कोपऱ्याने, समोरासमोरच्या, 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा, मग बोर्ड उचलून मागून पाहा की चारही पूर्ण बाहेर आल्यात. एक जरी अर्धवट राहिली तरी प्रोसेसर तापून यंत्र मंदावतं, आणि कारण महिनोन्‌महिने सापडत नाही. रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. एसएसडी तिरकी खोचली की वर उचललेली राहते, ती खाली दाबून छोटा स्क्रू लावायचा. तो स्क्रू वाटीत ठेवा.

मोठी २४ पिनांची वायर सगळ्यांना दिसते. प्रोसेसरजवळची ८ पिनांची विसरली जाते, मग पंखे फिरतात पण पडदा काळा. ती ४ अधिक ४ अशी फुटणारी असते. ६ अधिक २ वाली ग्राफिक्स कार्डाची, ती तिथे जबरदस्तीने घुसवू नका. आता मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला लावा, वीज चालू करा आणि बोर्डावरच्या पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. कुठल्या पिना ते बोर्डाच्या पुस्तकात आहे. पडदा उजळला, रॅम १६ दिसली, एसएसडी दिसली, की निम्मं जिंकलात. नाही उजळला तर बोर्डाच्या कडेला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतात का पाहा. जो पेटून राहिलाय तिथे दोष आहे. दहात सात वेळा तो रॅमचा असतो, आणि काडी पूर्ण बसलेली नसते.

मग वीज बंद करून कॅबिनेटमध्ये. आधी मागची पत्र्याची पट्टी, मग बोर्ड. कॅबिनेटच्या पितळी खुंट्या बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना ते मोजा. जादा खुंटी बोर्डाच्या पाठीला टेकली तर शॉर्ट होतं. मागच्या कार्डांच्या फटींवरच्या पट्ट्या काढून ठेवू नका. पावसाळ्यात पाली तिथूनच शिरतात आणि एसएमपीएसच्या उबेला जातात. अशी चार-पाच यंत्रं दर वर्षी माझ्याकडे येतात. यंत्र जमिनीवर न ठेवता वीतभर उंच ठेवा.

बायॉसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम बहुधा कमी वेगावरच चालत राहते आणि कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. विंडोज ११ स्वतः मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर उतरवून टाका. 'सगळं लोड करून देतो' म्हणणाऱ्याच्या पेन ड्राइव्हमधून नको. ऑटोकॅड आणि रेव्हिट विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क एक वर्षासाठी मोफत देतं आणि दर वर्षी वाढवून मिळतं, कॉलेजचा पुरावा लागतो. चोरीची प्रत घालण्याचं काहीच कारण नाही.

यादी घेऊन दुकानात जाण्याआधी एवढं करा : वायरमनला बोलावून त्या प्लगचे तीन आकडे लिहून घ्या आणि मला कळवा, इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लेबलचा फोटोही पाठवा. त्यावरून यूपीएस लागतो की नाही ते ठरेल. तेवढे पैसे सुटले, तर १ टीबीची एसएसडी आजच बसते.